साडेअकरा

रुकय्याबाईंनी रुमालातून काढलं ते भिंग
दोन तुकड्यांत होतं, पुढचं आणि मागचं,
मधलं शटर मेलेलं.
एक सेकंद लावला तर ते उघडायचं
आणि चहा येईपर्यंत मिटायचं नाही.

दहीपुलावरचा स्टुडिओ त्यांच्या वडिलांचा.
किती शाळांचे दहावीचे वर्ग
या काचेतून डोकं खाली पाय वर होऊन गेले,
याची नोंद कुठे नाही.

बदली शटर त्यांनी कुठूनसं मिळवलं होतं,
ठणठणीत, सेकंदाला सेकंद म्हणणारं.
आटे जुळले. दोन्ही तुकडे बसले.
"झालं की मग, खैरनार."
मी म्हटलं, नाही झालं.

सातपूरला टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली.
कोरलाय म्हणून आकडा मानायचा,
हे मला जमत नाही.
हे शटर आधी दीडशेच्या भिंगाला होतं,
त्याचे आठ, अकरा, सोळा
दीडशेला विचारून लिहिलेले.
तुमचं भिंग दोनशे दहाचं.
दोनशे दहा भागिले आठ, सव्वासव्वीस मिलिमीटर.
ही पट्टी आठवर देते जेमतेम पावणेएकोणीस.
निम्मा उजेड दारातच अडेल.
"म्हणजे खोटी आहे?"
दीडशेला खरी आहे.

संध्याकाळी गच्चीवर कॅमेरा मांडला,
रामशेजचा डोंगर दुधी काचेवर
उलटा टांगला, कडा धारदार होईपर्यंत
भाता मागेपुढे केला आणि तिथेच घट्ट आवळला.
मग अंधाराची वाट बघत बसलो.
त्यांनी शेंगदाणे आणले होते.

पाती थेट कॅलिपरने का नाही मोजत, त्यांनी विचारलं.
पुढची काच भोकाला फुगवून दाखवते,
आणि उजेडाचा व्यवहार दिसणाऱ्या भोकाशी.
दुधी काचेच्या जागी पत्रा लावला,
मधोमध सुईचं छिद्र, मागे टॉर्च.
भिंगातून उजेड सरळ बाहेर आला,
पसरला नाही, आवळला नाही,
समोरच्या आलेखाच्या कागदावर नाण्यासारखा पडला.
सव्वासव्वीस. इथे खूण.
एकोणीस. इथे.
तेरा आणि वर एक केस.
साडेनऊ.
पुढे आकडे लहान होत गेले
आणि माझा चष्मा अपुरा.
त्या वाचायच्या, मी काटा सरकवायचो.

तेव्हा त्यांनी जुन्या शटरवर बोट ठेवलं.
सोळा आणि बावीसच्या मध्ये
एक ओरखडा, नखाएवढा,
कारखान्याचा नव्हे.
मी तो पडला असेल म्हणून सोडून दिला होता.
"हे अब्बांचं आहे. वर्गाच्या फोटोला काटा इथेच यायचा.
बघायचेसुद्धा नाहीत, अंगठ्याला कळायचं."

भिंग पुन्हा उतरवलं, जुन्यात बसवलं.
जुन्याची दांडी मेली होती, पाती शाबूत होती.
काटा ओरखड्यावर.
कागदावर एक वर्तुळ आलं,
साडेअकरा मिलिमीटर.
भागाकार केला तर अठरा आणि थोडं,
कुठल्याही तक्त्यात नसलेलं.
पेन्सिलीने भोवती फिरवून ठेवलं,
भिंग परत नव्यात,
आणि पाती मिटत मिटत उजेड
त्या रेघेच्या आत अलगद मावला.

दुसऱ्या दिवशी तांबट आळीतून पितळेची पट्टी आणली,
अर्धा मिलिमीटर जाडीची, वाकवली, घासली,
सुईने आकडे ओढले. माझा आठ
जरा पोक काढून उभा आहे, त्याला इलाज नाही.
"त्या खुणेला काय लिहू?"
"काही नको. त्यांनी कुठे लिहिलं होतं."

मजुरी घेईना म्हणून त्यांनी स्टुलावर बसवलं,
काळ्या कापडात शिरल्या,
बराच वेळ आतून नुसता श्वास ऐकू येत होता.
आयुष्यभर दुसऱ्यांचे मायक्रोमीटर तपासले,
पण हात कुठे ठेवायचे ते मला सुचेना.
"हनुवटी खाली. थोडी. बस."
बाहेर न बघता त्यांचा अंगठा
पितळेवरून सरकला
आणि थांबला.